संगमरवर, नर्मदेचं पाणी आणि पानावरची काई

जबलपूरजवळच्या भेडाघाटला गेलेलं माणूस सहसा रिकाम्या हातानं परतत नाही. धुवांधार धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर कोरीव दगडाची दुकानं लागतात. महादेवाच्या पिंडी, हत्ती, उदबत्तीची घरं घेऊन झाली की मुलांच्या हट्टापायी पांढऱ्या खड्यांची एखादी पिशवीही घेतली जाते. ते खडे घरच्या फिश टँकच्या तळाशी पसरले की दिव्याखाली टाकी झकास उजळते. महिन्या-दोन महिन्यांत त्याच टाकीतल्या रोपांच्या पानांवर हिरवे ठिपके उमटतात, कडांना काळी झालर धरते, आणि दुकानदार सांगतो, "काई लग गई है, दवाई डाल दीजिए."

दवाईनं काई, म्हणजे शेवाळ, मरते, यात खोटं काही नाही. पण पंधरा दिवसांत तिच्या जागी नवी येते, कारण जिच्यामुळे ती आली ती गोष्ट टाकीत तशीच असते. शेवाळाचे बीजाणू हवेतून, बादलीतून, नव्या रोपाच्या मुळांतून येतच राहतात. त्यांना अडवणं शक्य नाही. ते कुठं रुजतील हे मात्र पान ठरवतं. वाढीला लागलेल्या कोवळ्या पानावर काई क्वचितच टिकते. वाढ थांबलेलं, उपाशी किंवा म्हातारं पान तिला आयतं मिळतं. त्यामुळे खरा उपचार रोपावर करायचा असतो. ब्रश, औषधं, गोगलगायी, मासे यांचं काम एवढंच की रोपाला सावरायला थोडी उसंत मिळावी.

हा प्रश्न फिश टँकइतकाच जुना आहे. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधला रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानं 1849 मध्ये पाण्याच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं एकत्र ठेवून पाहिली. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, रोपं त्यावर वाढतील आणि बदल्यात प्राणवायू देतील, असा हिशेब. हिशेब चुकला नव्हता, पण व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं आणि सगळीकडे हिरवट बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टननं तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि थर फस्त केला, त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली आणि टाकी सावरली. 1850 मध्ये त्यानं हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. त्याच्या हकिगतीतला क्रम महत्त्वाचा आहे. आधी पान कुजलं, थर त्यानंतर आला.

जबलपुरात या क्रमाचे खरे जाणकार दुकानात भेटत नाहीत, ते अधारतालजवळ महाराजपूरला आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं तण संशोधन संचालनालय तिथं आहे. 1989 मध्ये राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेचं काम शेतातल्या आणि तळ्यातल्या तणांवर चालतं, काचेच्या पेटीशी तिचा संबंध नाही. पण तणशास्त्राचा एक पायाभूत नियम टाकीला जसाच्या तसा लागू पडतो. पिकाच्या आयुष्याचा साधारण पहिला तिसरा हिस्सा निर्णायक असतो. तेवढ्या काळात पिकानं जमीन झाकली तर मागाहून उगवणाऱ्या तणाला ऊनच मिळत नाही. झाकली नाही तर पुढं कितीही खुरपा, उत्पन्न गेलेलं असतं.

टाकीत हा काळ पहिल्या पाच-सहा आठवड्यांचा. नेमका याच काळात लोक हात आखडतात. दोन अनुबियास, एखादं लालचुटुक पानांचं रोप, मधे मोकळी जागा आणि वर झगझगीत एलईडी. उजेड पुरेपूर, तो खाणारं कुणी नाही. खरं तर पहिल्याच दिवशी तळाचा निम्म्याहून जास्त भाग रोपांनी भरायला हवा, आणि तोही भराभर वाढणाऱ्या रोपांनी. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम, वॉटर विस्टेरिया ही चारही आपल्याकडच्या तळ्यांत आणि पाणथळीत उगवणारी रोपं. दुकानात ती स्वस्त असतात म्हणून त्यांना कुणी मान देत नाही. टाकी स्थिरावली की ती थोडी थोडी काढून नाजूक रोपांना जागा करून द्यावी. हा क्रम उलटा केला तर पुढचे सहा महिने ब्रश हातात घेऊन बसावं लागतं.

आता खताचा वाद. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलं की शेवाळ येतं, हे वाक्य इतक्यांदा छापलं गेलं आहे की ते खरंच मानलं जातं. तळ्याच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. सांडपाणी मिसळणारं शहरातलं कुठलंही तळं त्याची साक्ष देईल. 1996 मध्ये पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन या दोघा हौशी अभ्यासकांनी हाच धागा टाकीपर्यंत नेला. बाकीची खतं द्या पण फॉस्फेटची टंचाई ठेवा, म्हणजे शेवाळ उपाशी मरेल, असं त्यांचं म्हणणं. पुढं अमेरिकेतल्या टॉम बार यानं रोपांनी गच्च भरलेल्या टाक्यांत मुद्दाम भरपूर फॉस्फेट घालून दाखवलं की शेवाळ येत नाही, उलट काचेवरचे आणि पानांवरचे हिरवे ठिपके कमी होतात. दोन्ही बाजूंचे अनुयायी अजून भांडतात. बारचं पारडं जड वाटण्याचं कारण साधं आहे: शेवाळाची भूक इतकी लहान की त्याला उपाशी ठेवायला जाल तर रोप आधी मरेल. माशांना खाणं ओतायचं, गाळणीतला गाळ महिनोन्‌महिने काढायचा नाही, मेलेला मासा दगडाआड कुजू द्यायचा, हा मात्र वेगळा मामला. त्यातून अमोनिया सुटतो, आणि तो कुणालाच नको.

खतापेक्षा मोठी अडचण कार्बनची, आणि इथं जबलपूरचे दगड-पाणी मधे येतात.

पाण्याखालच्या रोपाला कार्बन डायऑक्साइड मिळवणं किती जड जातं याची कल्पना जमिनीवर राहून येत नाही. हा वायू हवेतल्यापेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरमागे अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच असतो. दिवे लागल्यावर तासा-दोन तासांत दाट रोपं तेवढा संपवतात. मग काही वनस्पती दुसऱ्या भांडाराकडे वळतात: पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट. शाळेत सगळ्यांनी केलेला किंवा निदान वहीत काढलेला प्रयोग आठवा. पालथं नरसाळं, त्याखाली हायड्रिला, वर परीक्षानळी, आणि पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुड्यांची लगबग वाढते. सोड्यातलं बायकार्बोनेट हायड्रिलाला वापरता येतं. जगदीशचंद्र बोस यांनी 1924 मध्ये प्रकाशसंश्लेषणावर लिहिलेल्या पुस्तकातले प्रयोगही याच वनस्पतीवर केलेले आहेत.

ही कला सगळ्या रोपांना येत नाही. व्हॅलिस्नेरियाला येते, हायड्रिलाला येते. पाण्यातल्या शेवंतीसारख्या झुपकेदार कॅबोम्बाला आणि बहुतेक मॉसना येत नाही. शेवाळाच्या मात्र कितीतरी जातींना ती उत्तम येते. म्हणजे पाणी जितकं जड, बायकार्बोनेटनं भरलेलं, तितकी या मंडळींची चंगळ. कॅबोम्बा शेजारी उपाशी उभा, आणि त्याच्या पानावर बसलेली काई पोटभर जेवते आहे. शिवाय पाण्याचा सामू 8 च्या वर गेला की लोह रोपांच्या हाती लागत नाही, नवी पानं पिवळी फुटतात. पिवळं पान म्हणजे काईला निमंत्रणच.

जबलपूर शहरात तीन तऱ्हेचे दगड हाताशी आहेत आणि त्यांची टाकीतली वागणूक तीन तऱ्हेची. मदनमहालच्या टेकडीवर जो ग्रॅनाइट आहे, ज्याच्या एकावर एक तोललेल्या शिळा बघायला पाहुण्यांना नेतात, तो पाण्यात काहीही सोडत नाही. त्याची खडी खुशाल वापरावी. लमेटाघाटाच्या नावानं ओळखला जाणारा चुनखडीचा थर याच्या अगदी उलट. 1828 मध्ये स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला बडा शिमला टेकडीवर डायनोसॉरची हाडं मिळाली ती याच लमेटा थरांत. संग्रहालयासाठी उत्तम दगड, टाकीसाठी नाही. तो पाण्यात चुना सोडत राहतो. आणि भेडाघाटचा संगमरवर या दोघांच्या मधला. तो डोलोमाइट जातीचा, म्हणजे कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असलेला, आणि साध्या चुनखडीपेक्षा बराच सावकाश विरघळणारा. दोन-चार खडे कोपऱ्यात असले तर काही बिघडत नाही. पण अख्खा तळ त्याचाच केला, वर बोअरचं जड पाणी, आणि त्यात कार्बन डायऑक्साइडची नळी सोडून पाणी किंचित आम्लधर्मी केलं, तर दगड रोज थोडा थोडा पाण्यात उतरतो. सामू खाली आणावा म्हणून नळी जोडायची आणि तळाच्या दगडानं तो पुन्हा वर न्यायचा, असा खेळ चालतो.

दगड ओळखायला व्हिनेगर पुरत नाही. चुनखडीवर ते फसफसतं, डोलोमाइटवर जवळजवळ गप्प राहतं, आणि माणसाची फसगत होते. दगड कानशीनं घासून त्याच्या पिठावर संडास साफ करायच्या आम्लाचा एक थेंब टाकावा. हे उघड्यावर, हातमोजे घालून, आणि जवळपास ब्लीच नसताना करायचं, कारण आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पीठ फसफसलं तर तो दगड झाडाच्या कुंडीभोवती मांडावा.

पाण्याचंही तसंच. नळाला येणारं नर्मदेचं पाणी आणि अंगणातल्या बोअरचं पाणी यांची एकमेकांशी तुलना होत नाही. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून, किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन घालून वापरावं. पावसाळ्यात नदी गढूळ असते तेव्हा क्लोरीनचा वास जास्त येतो, त्या दिवसांत हे चुकवू नये. बोअरशिवाय गत्यंतर नसेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळलं की जडपणा निम्म्यावर येतो. आरओ यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र टाकीत ओतू नका. पाणी वाचवण्याची ती भावना चांगली आहे, पण सगळे क्षार त्याच नळीतून बाहेर पडत असतात. आणि हे काहीच करायची इच्छा नसेल तर जड पाण्यात खूश राहणारी रोपं निवडावीत. व्हॅलिस्नेरियाचं रान आणि चार मासे, एवढीही टाकी देखणी होते.

याच जड पाण्यात एक गंमत दिसते. व्हॅलिस्नेरियाच्या किंवा हायड्रिलाच्या पानावर कधी पांढरट, खरखरीत साय धरते. बोटानं चोळली तर कचकच लागते. लोक तिला शेवाळाची जात समजून औषधं घालतात. ते शेवाळ नसतंच. पानानं बायकार्बोनेटमधला कार्बन ओढून घेतला की उरलेला चुना पानाच्या पाठीवर बसतो. पान तोडून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की ती साय फसफसून विरघळते. ही साय रोप जोमात असल्याची खूण आहे.

खऱ्या काईच्या जाती ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, नजर आणि बोट पुरतं. नव्या टाकीत पहिल्या महिन्यात येणारी तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. त्यांची कवचं सिलिकाची असतात, आणि बेसॉल्टच्या पठारावरून वाहत आलेल्या नर्मदेच्या पाण्यात सिलिका भरपूर. बोटानं पुसली की जाते, आणि बहुधा महिन्याभरात आपली आपण ओसरते. तिच्यासाठी काही करू नये. पाणीच हिरवं झालं असेल तर ते तरंगणारं एकपेशीय शेवाळ. दोन-तीन दिवस पूर्ण अंधार किंवा पाण्याच्या वाटेवर यूव्हीचा दिवा हा त्यावरचा उपाय. अनुबियाससारख्या संथ रोपांच्या जुन्या पानांवर नखानंही न निघणारे टणक हिरवे ठिपके येतात. उजेड जास्त आणि फॉस्फेट कमी, असं ते बहुतेक वेळा सांगत असतात. ते पान कापावं. त्यावरून ठिपके घालवण्याच्या खटपटीत पानच फाटतं. केसांसारखे लांब हिरवे धागे जुन्या दातब्रशाला शेवयांसारखे गुंडाळून निघतात, आणि हे काम हातानं जितकं होतं तितकं कुठल्याच बाटलीनं होत नाही. धाग्यांचा गुंता मॉसमध्ये शिरला असेल तर मॉस टाकून नवं आणणं शहाणपणाचं.

काळी झालर, म्हणजे दुकानातल्या भाषेत ब्लॅक ब्रश, हिच्यापाशी थोडं थांबायला हवं. पानाच्या कडेवर, लाकडावर, गाळणीच्या तोंडाशी, जिथं पाणी वेगानं वाहतं तिथं तिचे दोन-चार मिलिमीटरचे काळपट करडे कुंचले उभे राहतात. ओढले तर पानाचा तुकडा हातात येतो, कुंचला जागेवर राहतो. दिसायला काळी असली तरी ही लाल शेवाळांच्या कुळातली. या कुळाचा बहुतेक गोतावळा समुद्रात आहे. आगर-आगर आणि जपानी सुशीवर गुंडाळायचं नोरी यांचेच हे गोड्या पाण्यातले गरीब नातेवाईक. खात्री हवी असेल तर झालर धरलेल्या पानाचा तुकडा जखमा पुसायच्या स्पिरिटमध्ये ठेवून द्यावा. पानाचं हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं आणि झालर लालसर होऊन वेगळी उठून दिसते.

ही झालर कार्बन डायऑक्साइडच्या चढउतारावर पोसते, असा जगभरच्या हौशी लोकांचा अनुभव आहे. जबलपुरात तो घ्यायला फार लांब जावं लागत नाही. साखर आणि यीस्टची बाटली जोडून घरच्या घरी हा वायू करणारे पुष्कळ आहेत. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की बाटलीतलं यीस्ट पिसाटतं. दोन आठवडे चालायची बाटली चार-पाच दिवसांत थंडावते. जानेवारीत रात्री गारठल्या की तेच यीस्ट जागचं हलत नाही. रोपाला एका आठवड्यात मेजवानी, दुसऱ्यात एकादशी. असं चालणार असेल तर बाटली न जोडलेलीच बरी. वायू द्यायचा तर दाब नियंत्रित करणाऱ्या सिलिंडरमधून, दिवे लागण्यापूर्वी तासभर आधी सुरू करून, रोज तेवढाच. नाही तर अजिबात नको, उजेड कमी करा आणि संथ टाकीत समाधान माना.

झालर घालवण्याचं सर्वांत कामाचं औषध केमिस्टकडे मिळतं: हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याच्या लेबलवरचा आकडा आधी वाचावा. परदेशी पुस्तकांतली मात्रा 3 टक्के द्रावणासाठी दिलेली असते. आपल्याकडे केमिस्टकडची बाटली बहुधा 6 टक्क्यांची, 20 व्हॉल्यूम असं लिहिलेली. तशी असेल तर आधी तितक्याच आरओच्या पाण्यात मिसळून ती निम्म्यावर आणावी. 10 लिटर पाण्यामागे असं 3 टक्क्यांचं द्रावण 4 मिलिलिटर, त्याहून जास्त नको. गाळणी आणि पंप बंद करायचा, म्हणजे पाणी थांबतं. सुई काढलेल्या सिरिंजनं द्रावण झालरीच्या अगदी जवळ, हळूहळू सोडायचं. लगेच बारीक बुडबुडे उठतात, पान चांदीचं झाल्यासारखं दिसतं. दहा मिनिटांनी गाळणी सुरू करायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळी झालर गुलाबी, मग फिकट लाल आणि शेवटी पांढरट होते. ती आता मेलेली असते, आणि जिवंतपणी तिला तोंड न लावणारे मासे आणि झिंगे आता तिच्यावर तुटून पडतात. मॉस आणि रिचिया यांना पेरॉक्साइड सोसत नाही, त्यांच्यापासून सिरिंज लांब ठेवावी.

दुसरं नाव ऐकू येतं ग्लुटारॅल्डिहाइडचं. "लिक्विड कार्बन" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत तेच किंवा त्याचंच भावंड असतं, आणि रुग्णालयात शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करायलाही तेच वापरतात. झालरीवर ते चालतं. पण त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते, त्वचेवर चट्टे उठतात, आणि व्हॅलिस्नेरिया त्यात विरघळून जाते. ज्या शहरात व्हॅलिस्नेरिया हेच सर्वांत भरवशाचं रोप आहे तिथं हे औषध कशासाठी घ्यावं? लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच.

नवं रोप आणल्यावर, टाकीत लावण्याआधी, एक धुणं देता येतं. अनुबियास आणि जावा फर्न यांसारखी चिवट रोपं एक भाग घरगुती ब्लीच आणि एकोणीस भाग पाणी अशा मिश्रणात दीड-दोन मिनिटं बुडवून, लगेच अँटी-क्लोरीन घातलेल्या पाण्यात खळखळून काढावीत. नाजूक रोपांना हे धुणं देऊ नये, त्यांचा लगदा होतो. त्यांच्यासाठी फिकट गुलाबी रंगाचं पोटॅशियम परमँगनेटचं पाणी दहा मिनिटं पुरे.

एक जात मात्र काईच्या नावाखाली येते आणि काई नसते. निळसर हिरवी, सायीसारखी चादर, जी पानावरून एका तुकड्यात सोलून निघते आणि जिला ओल्या मातीचा कुबट वास असतो, ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूच. पाणी जिथं साचून राहतं तिथं ती पसरते. नळीनं जमेल तेवढी ओढून काढावी, निम्मं पाणी बदलावं, टाकीवर गोधडी टाकून तीन दिवस अंधार करावा, त्या काळात हवेचा पंप सुरू ठेवावा. जिवाणू आहे म्हटल्यावर कुणीतरी एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या सुचवतंच. गोळ्यांनी ती जाते हे खरं, पण माणसाचं प्रतिजैविक फिश टँकमध्ये घालून ते पाणी गटारात सोडणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे, आणि त्यावर फार चर्चा करण्याची गरज नाही.

दिव्याबद्दल थोडक्यात. दिवसाला सहा ते सात तास, आणि ते टायमरवर. संध्याकाळी पाहुणे आले म्हणून दहापर्यंत आणि गावाला गेलो म्हणून दोन दिवस बंद, असं केलं की रोपाचं वेळापत्रक कोलमडतं, काईचं नाही. खिडकीचं थेट ऊन टाकीवर येत असेल तर दिव्याचे तास मोजण्यात अर्थ नाही. आधी टाकी हलवा किंवा पडदा लावा. उन्हाळ्यात त्याच उन्हानं पाणी 32-33 अंशांवर जातं. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 32 अंशांना सव्वासात. मासे वर येऊन हापसू लागतात, क्रिप्टोकोरीनची पानं वितळतात, आणि वितळत्या पानांवर काय बसतं ते आतापर्यंत लक्षात आलंच असेल. उन्हाळ्याचे दोन महिने दिवा पाच तासांवर आणावा आणि पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावा.

काई खाणारे प्राणी हा विषय दुकानदाराचा आवडता. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं 1980 च्या दशकात आपल्या टाक्यांत एका जातीचे झिंगे काई खायला सोडले, आणि ते आज जगभर त्याच्याच नावानं ओळखले जातात. धागे खाण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, पण जबलपूरच्या उन्हाळ्यात ते तग धरत नाहीत. नेराइट गोगलगायी काचेवरचे ठिपके खरवडतात. आपल्याकडच्या ओढ्यांतला, दगडाला चिकटून शेवाळ खाणारा गारा मुल्ल्या हा मासा कर्नल साइक्सनं 1839 मध्ये दख्खनच्या माशांवरच्या लेखात नोंदवला होता. त्याला गार, वाहतं पाणी लागतं, बैठकीच्या खोलीतली टाकी त्याची जागा नव्हे. "चायनीज अल्गी ईटर" म्हणून मिळणारा मासा लहानपणी काई खातो आणि मोठेपणी दुसऱ्या माशांच्या अंगावरचा चिकटा.

आणि सकर. दोन इंचांचा, काचेला चिकटलेला, लहान मुलांचा लाडका. दुकानात कुणी सांगत नाही की तो दीड फूट होतो. वाढला की काई सोडून रोपांची मुळं उकरतो, टाकीत मावेनासा होतो, आणि मग दया येऊन कुणीतरी त्याला तळ्यात किंवा नर्मदेच्या ग्वारीघाटला नेऊन सोडतं. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा मासा आज भारतातल्या अनेक जलाशयांत कोळ्यांची जाळी फाडतो आहे. न मावणारा सकर दुकानदाराला परत द्यावा. तो घेत नसेल तर मुळात विकत घेऊ नये.

रोपांचंही हेच. छाटलेल्या फांद्या नाल्यात टाकल्या की त्या मरत नाहीत. ब्राझीलहून शोभेची म्हणून जगभर गेलेली साल्व्हिनिया मोलेस्टा नावाची तरंगती नेचावर्गी वनस्पती मध्य प्रदेशातल्या तळ्यांवर चटईसारखी पसरली. सारणीच्या सातपुडा जलाशयाकाठचे लोक तिला "चायनीज झालर" म्हणत. महाराजपूरच्या त्याच तण संशोधन संचालनालयानं तिच्यावर सायर्टोबॅगस जातीचे इवलेसे भुंगे सोडले, जे हीच वनस्पती खातात. कटनी जिल्ह्यातल्या एका मोठ्या तळ्यावरची चटई मोडायला त्या भुंग्यांना सुमारे दीड वर्ष लागलं. त्यामुळे टाकीतून काढलेली पानं, धाग्यांचे गुंडे, तरंगणारी रोपं सगळी गच्चीवर कडक उन्हात दोन-चार दिवस वाळवायची आणि कुरकुरीत झाली की कुस्करून कुंड्यांत मिसळायची. गुलाबाला ती चांगली मानवतात. टाकीचं बदललेलं पाणीही गटाराऐवजी कुंड्यांनाच घालावं. फक्त त्या दिवशी टाकीत औषध पडलेलं नसावं.